मध्ये काहीच नाही

"हे बघा, शुक्रवारच्या तालमीत तुम्ही नीट दिसला नाहीत, तर आम्हाला नाइलाजाने तुमचा वर्ग"

एवढं बोलून पडद्यावरच्या बाई गोठल्या. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, हातातलं पेन हवेत.

भिंगरीही गोठली. आपण हललो तर राहिलेलं वाक्य येता येता बिचकून परत जाईल, असं तिला वाटलं.

बाई हलेपर्यंत वेळ आहे, तेवढ्यात घर बघून घ्या.

घर लांबट आहे, काडेपेट्या एकामागे एक मांडाव्यात तसं. सगळ्यात पुढे, रस्त्याला लागून, आरशांचं दुकान. मग राहायच्या खोल्या. मग एक रुंद बोळ. आणि बोळापलीकडे कारखाना. तिथे काच कापली जाते, घासली जाते, तिच्या पाठीला चांदीचा पातळ लेप बसतो, वरून राखाडी रंगाचा हात फिरतो आणि काचेचा आरसा होतो. त्या लेपाला घरात सगळे अजून पाराच म्हणतात. पारा वापरायचं कधीच बंद झालं, शब्द तेवढा राहिला.

नेटची तार येते दुकानात. गल्ल्यामागच्या फळीवर तिचा डबा. आणि भिंगरीचं चाक कारखान्यात, पार शेवटच्या भिंतीपाशी. चाक सिमेंटच्या चौथऱ्यात गाडलेलं आहे, वरून पाण्याची नळी, खाली मोरी. ते उचलून दुकानात नेणं म्हणजे विहीर उचलून गच्चीवर नेणं.

भिंगरी या घरची सून. खरं नाव कागदोपत्री असेल. घरात सगळे भिंगरीच म्हणतात, कारण चाक थांबलं तरी ही थांबत नाही. त्या चाकावर काच धरून ती नक्षी कोरते. पिसं, पानं, लाटा. गिऱ्हाईक आरसा विकत घेतं, स्वतःचं तोंड बघतं आणि जातं. कडेचं पीस बघायला कुणाला सवड नसते. पण मध्यंतरी तिने आपले हात पीस कोरताना मोबाइलवर टिपले आणि ते जगात सोडून दिले. ते बघून हातकाम शिकवणाऱ्या एका संस्थेच्या बाईंचा फोन आला: रविवारी दुपारी थेट वर्ग घ्याल का? नावं नोंदवली गेली. जागा भरल्या. माणसं तिचे हात बघायला येणार होती, आणि त्यांना आरसा नको होता. त्या दिवसापासून भिंगरीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल," बाई हलल्या, आणि पडद्यावरून नाहीशाच झाल्या.

पाय जमिनीला लागले. चांगलेच आपटले.

*

सल्लामसलत

"रेंज नाही म्हणजे काय? डब्याला भोकं किती?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, गिऱ्हाइकंसुद्धा.

"चार, अण्णा."

"आणि आपण माणसं?"

"पाच."

"झालं की मग! पुरणार कुठून?"

अण्णा ताठ मानेने गेले आणि आठ भोकांचा डबा घेऊन आले. त्याला स्विच म्हणतात. सगळ्यांनी कौतुक केलं. भिंगरीने मोबाइल घेऊन कारखान्यात धाव घेतली. ढिम्म. मग नणंदेने खोक्यावरचं वाचलं: ज्यांना तारा जोडायच्या असतील त्यांच्यासाठी जास्तीची भोकं, हवेतून हा काही देत नाही.

"भोकं असून हवेतून काही येत नाही?" अण्णांना पटेना. "हा कुठला न्याय?"

*

नवरा शहाणा. तो आधी मोजतो. त्याने दुकान ते चाक टेप लावून मोजलं, मान हलवली, आणि भिंतीतल्या प्लगात खुपसायची एक पांढरी वडी आणली. रिपीटर.

"हा काय करतो रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, याला जे ऐकू येतं, ते हा पुढे मोठ्याने सांगतो."

"आणि अर्धवट ऐकू आलं तर?"

"तर... अर्धवट सांगतो."

"म्हणजे तुझी मावशी."

रिपीटर स्वयंपाकघराच्या प्लगात बसला. रेंजच्या दोन रेघांच्या तीन झाल्या आणि भिंगरीने गिरकी घेतली. दुपारपर्यंत नाचाच्या शाळेचे आणखी काही आरसे तयार होऊन बोळात गेले. संध्याकाळी एकच रेघ उरली.

"बिघडलेला दिलाय तुला," अण्णा म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलं होतं.

*

हे नाचाच्या शाळेचं प्रकरण सांगायला हवं. शाळेला एक अख्खी भिंत आरशांची हवी होती. पुरुषभर उंचीचे, एकाला एक लागून. काम मोठं होतं, म्हणून अण्णा हवेत होते आणि कारखाना सकाळपासून घुमत होता. पण तिकडच्या भिंतीचा गिलावा वाळेना. गाडी पाठवतो, पाठवतो म्हणत शाळेने सोमवारवर नेलं. तोवर माल बोळात. काच आडवी ठेवायची नसते, उभीच ठेवायची. त्यामुळे जो आरसा तयार होई तो दोघे जण उचलून बोळात आणत आणि कारखान्याच्या भिंतीला टेकवत. तोंड भिंतीकडे, पाठ बाहेर. राखाडी पाठ, राखाडी भिंत. एकाशेजारी एक.

*

कोळी

तिसरा डबा नणंदेने आणला. दुकान तीच सांभाळते, म्हणून तिला वाटतं की खरेदीतलं आपल्यालाच कळतं. राउटर होता, काळा, सहा अँटेनांचा. उताणा पडलेल्या कोळ्यासारखा दिसे.

"वहिनी, हा बघ. हा भिंतीतून जातो. खोक्यावर तलवार काढलीय."

"तलवार कशाला?"

"जोर दाखवायला गं."

कोळी फळीवर चढला. अँटेना कुठल्या दिशेला करायच्या यावर वाद झाला. अण्णा म्हणाले, सगळ्या कारखान्याकडे. नवरा म्हणाला, थोड्या इकडे, थोड्या तिकडे. सासूबाई म्हणाल्या, त्याला बसेल तसं बसू द्या बिचाऱ्याला. भिंगरी मोबाइल घेऊन चालत निघाली आणि ओरडून रेघा सांगू लागली:

दुकान, भरगच्च!

बाहेरची खोली, भरगच्च!

स्वयंपाकघर, भरगच्च! (इथे टाळ्या.)

बोळ, भरगच्च! (इथे अण्णांनी नणंदेची पाठ थोपटली.)

कारखाना

"काय? काय झालं? भिंगरे, ऐकू येत नाही!"

कारखान्यात भिंगरी चौथऱ्यावर बसली होती. मोबाइलवर एक रेघ. कधी तीही नाही.

*

आणि बुधवारी सगळं ठीक झालं.

कसं, कुणाला कळलं नाही. सकाळी सासूबाईंनी कोळ्यावरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. त्याच सुमारास केशकर्तनालयवाला आला आणि बोळात भिंतीला कधीचे टेकून असलेले आपले आरसे घेऊन गेला, पण त्याच्याकडे कोण लक्ष देतो. भिंगरीने कारखान्यात मोबाइल उघडला तर रेघाच रेघा! तिने बाईंना फोन लावला, बाई कशा मधासारख्या वाहत्या बोलल्या! भिंगरी धावत पुढे आली आणि सासूबाईंच्या गळ्यात पडली.

"आई, तुम्ही पुसलंत म्हणून!"

"मी म्हणत होते. धूळ बसली की कुणाचंही डोकं चालत नाही."

त्या दिवशी कोळी सकाळी पुसला, दुपारी पुसला, आणि संध्याकाळी अण्णांनी काच पुसायचं खास कापड काढून त्याची एकेक अँटेना स्वतः पुसली. तोवर केशकर्तनालयाच्या रिकाम्या जागेत नाचाच्या शाळेचे आरसे येऊन उभे राहिले होते. रेघ परत एक.

"जास्त पुसला," सासूबाई म्हणाल्या.

*

दुकानात

"आधी मला घर सांगा," नेटची उपकरणं विकणारी मुलगी म्हणाली. तिच्यासमोर काउंटरवर भिंगरी, अण्णा आणि नवरा असे तिघे ओळीने उभे होते, वैद्यासमोर एकच दुखणं घेऊन तिघांनी यावं तसे.

नवऱ्याने मापं सांगितली. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही.

"भिंती?"

"विटेच्या. साध्या."

"राउटर चांगला आहे तुमचा. मध्ये काय आहे?"

"मध्ये बोळ आहे."

"बोळात काही? लोखंडी कपाट, पाण्याची टाकी, फ्रीज?"

"छे!" तिघे एकदम म्हणाले. "मध्ये काहीच नाही!"

आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. कपाट म्हणजे वस्तू. फ्रीज म्हणजे वस्तू. आरसा म्हणजे माल. माल येतो, जातो. त्याला घरात कुणी धरत नाही. कापडवाल्याला विचारा तुमच्या घरात काय काय आहे, तो कापड सांगणार नाही.

मुलगी पेनाचं टोपण चावत राहिली. "नवल आहे. मध्ये काहीतरी असल्याशिवाय असं होत नाही. घरी जाऊन एकदा नीट बघा. तसंच काही नसेल तर मग हे घ्या," आणि तिने तीन पांढऱ्या अंड्यांचा संच पुढे सरकवला. "मेश. एक पुढे, एक मध्ये, एक मागे. हातात हात धरून नेतात."

अण्णांचे डोळे चमकले. ती अंडी सुरेखच होती.

"आधी बघून येतो," नवरा म्हणाला.

घरी आले. बोळ बघितला. बोळात तिघे उभे राहिले, समोर कारखान्याची भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी पाठींनी झाकलेली, फक्त दरवाजा तेवढा उघडा.

"मोकळा आहे," अण्णा म्हणाले.

"मोकळाच आहे," नवरा म्हणाला.

"हो ना," भिंगरी म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

*

शुक्रवार

दुपारची तालीम. भिंगरीने केस विंचरले होते, चाक पुसलं होतं, मोबाइल हातांच्या वर दांडीला बांधला होता आणि लॅपटॉप समोर. तो लॅपटॉप तिने दरवाज्याच्या अगदी समोर ओढला होता, कारण तिथे म्हणे दोन रेघा येत.

"दिसताय," बाई म्हणाल्या. "छान दिसताय. आता मला एक पीस कोरून दाखवा. अर्धा तास असंच राहिलं तर वर्ग तुमचा. नाहीतर"

"नाहीतर माहीत आहे," भिंगरी म्हणाली आणि चाक सुरू केलं.

पाणी पडू लागलं. काच चाकाला लागली आणि तो बारीक, दातांतून जाणारा सूर निघाला. पिसाचा देठ झाला. एक केस झाला. दुसरा

बाई गोठल्या.

भिंगरीने मागे वळून पाहिलं. दरवाज्यात अण्णा आणि नवरा. दोघांच्या मध्ये नाचाच्या शाळेचा शेवटचा आरसा, अख्खा, उभा, नुकताच वाळलेला. कारखान्यातून बोळात चालले होते. अण्णा मागे मागे पावलं टाकत होते.

"हळू. उजवीकडे. तुझी उजवी नव्हे, माझी."

आरसा चौकटीतून बाहेर गेला.

"सुरेखच," बाई हलल्या. "त्या देठाला तुम्ही कोन कसा दिलात?"

भिंगरी बोळात गेलेल्या आरशाकडे बघत होती.

"अण्णा," ती म्हणाली.

"तालीम चाललीय ना? आम्ही नाही बोलत."

"अण्णा, तो परत आत आणा."

"काय?"

"आरसा! परत दरवाज्यात आणा!"

सुनेने सासऱ्यांना असा हुकूम सोडायची या घरात पद्धत नाही, त्यामुळे अण्णांनी तो आधी पाळला आणि नंतर विचार केला. आरसा चौकटीत आला. बाई

"थांबा तिथेच! आता बाहेर!"

म्हणाल्या, "अहो, काय चाललंय तुमच्याकडे?"

"आत!"

आणि बाईंचा

"बाहेर!"

आवाज चिरकला, "मला तुमच्या मागे एक माणूस उलटा चालताना

"आत!"

"बाहेर!"

दिसतोय, तो ठीक आहे ना?"

"ते माझे सासरे आहेत!" भिंगरी ओरडली. ती आता चौथऱ्यावर उभी होती, हातात ओली काच, आणि हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "बाई, एक मिनिट! आमच्याकडे मध्ये काहीतरी आहे!"

अण्णांना धाप लागली होती. "सूनबाई, एकदा काय ते ठरव. तुझ्या नवऱ्याच्या हातून सटकला तर नाचाची शाळा तडकलेले आरसे घेईल का?"

"अण्णा, आरसा! आरशातून नेट जात नाही! पाऱ्यातून जात नाही!"

आणि मग चौघांनी, म्हणजे ओरडा ऐकून धावत आलेल्या नणंदेनेसुद्धा, बोळातल्या त्या राखाडी पाठी पहिल्यांदाच बघितल्या. भिंतभर उभा धातू.

"अगं बाई," सासूबाई मागून म्हणाल्या. "म्हणजे मी पुसलं म्हणून नव्हे."

पडद्यावरच्या बाई तोवर इतक्या हसल्या होत्या की त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. "वर्ग तुमचा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पण रविवारी तुमच्याकडे काही हलणार नाही, आणि मध्ये काही असणार नाही, हे मला वचन द्या."

भिंगरीने वचन देऊन टाकलं. फोन ठेवल्यावर तिला आठवलं की गाडी सोमवारी येणार आहे.

*

अण्णा आणि उजेड

आरसे दुसरीकडे हलवायचे? कुठे? एवढी लांब मोकळी भिंत घरात दुसरी नव्हती, आणि एकेक आरसा दोन माणसांना जड. शिवाय अण्णा म्हणाले, हललेली काच नाराज होते, आणि ते म्हणाले की विषय मिटला.

पण त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं होतं. शनिवारी सकाळी ते एक लहानसा आरसा छातीशी धरून बोळात आले.

"सूनबाई, आरशावर आपटून ते परत फिरतं, बरोबर?"

"बरोबर."

"मग तो उजेडच आहे की! डोळ्याला न दिसणारा उजेड! आणि उजेड वळवणं हे आपलं खानदानी काम!" त्यांनी आरसा दरवाज्याच्या कडेला तिरपा धरला. "बघ आता. पकडला! फेकतोय तुझ्याकडे! आला?"

भिंगरीने मोबाइल पाहिला. खरंच, एक रेघ वाढली होती.

"आला अण्णा!"

"आणखी फेकू?"

"फेका!"

नवरा दुसरा आरसा घेऊन आला, नणंद तिसरा. कोन जमले की रेघा वाढत, कुणी खोकलं की पडत. तासभर घरात कुणी दुकान उघडलं नाही. गिऱ्हाईक बाहेर कडी वाजवत होतं आणि आत तीन माणसं डोळ्याला न दिसणारी वस्तू एकमेकांकडे फेकत होती, चेंडू असल्यासारखी.

"उद्या आम्ही असेच उभे राहू," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. "वर्ग संपेपर्यंत. तू फक्त कोरत जा."

भिंगरीला ते दृश्य दिसलं. त्यातली माया दिसली. आणि अण्णांना येणारी शिंकही दिसली.

"नको अण्णा," ती म्हणाली. "मला अशी वस्तू हवी, जिला आरसा आहे की नाही ते कळतच नाही."

*

उपकरणवाल्या मुलीने त्यांना पाहिल्याबरोबर अंडी पुढे केली.

"नको," भिंगरी म्हणाली. "मध्ये आरसे आहेत."

"किती?"

"सगळे."

मुलीने टोपण तोंडातून काढलं. एकदा अण्णांकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि फार सभ्यपणे हसू दाबलं.

"मला तार द्या," भिंगरी म्हणाली. "साधी. पुढच्या डब्यातून निघेल, थेट माझ्या चाकापाशी येईल. हवेतून काही जायलाच नको. आणि तिकडच्या टोकाला आमचा कोळी लावला तर मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हीला तिथल्या तिथे मिळेल ना?"

"मिळेल. पुढे तुमचा जुना डबा राहील, मागे कोळी. नवं काही घ्यायचं नाही, फक्त तार." मुलगी अंड्यांचा संच मागे घेताना जरा हिरमुसली. "सगळ्यात कंटाळवाणी वस्तू तीच आहे, पण तिच्यासारखं काही नाही. किती लांब देऊ?"

नवऱ्याने खिशातून टेप काढली. कागद काढला. आकडा सांगितला. मुलीने तार कापून दोन्ही टोकांना बोंडं बसवून दिली.

*

तार न्यायची कुठून, यावर घर पुन्हा पेटलं. जमिनीवरून? काच उचलून चालणाऱ्या माणसांच्या पायात तार? अण्णांनी कानांवर हात ठेवले. भिंतीला भोक? ज्या भिंतीला नाचाची शाळा टेकून उभी आहे तिला ड्रिल? सगळे आरसे एकदम थरथरले तर?

"दरवाज्यावर तावदान आहे," भिंगरी म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. दरवाज्याच्या डोक्यावर काचेचं बंद तावदान, उजेडासाठी कधीकाळी बसवलेलं.

"त्यातून न्या."

जगात कुठल्याही घरात लोक विटेला भोक पाडतात आणि काचेला जपतात. अण्णा मात्र हसू लागले. ते शिडी लावून वर चढले, तावदान काढलं, मोकळ्या चौकटीचं माप घेतलं, नवीन काच घेतली. काच कापायची हिरकणी एकदा सर्रकन फिरली, काच टक् करून सुटली. मग पाण्याखाली भोक पाडलं, करंगळीच्या जाडीचं. भोकाची कड भिंगरीने आपल्या चाकावर घासून दिली, तार कुरतडू नये म्हणून. आणि हात चालूच होता, तेव्हा भोकाभोवती दोन पानंही कोरली.

"ती कशाला?" नवऱ्याने विचारलं.

"उघडंबोडकं दिसत होतं."

तार छताच्या कडेने, खिळ्याखिळ्यावरून निघाली. खोल्या ओलांडल्या, बोळ ओलांडला, पानांमधून आत शिरली, खाली उतरली, कोळ्यात बसली. टक्. आता पुढचं टोक. नवरा दुकानात, शिडीवर, तारेचं बोंड हातात, आणि डबा फळीवर, आणि मध्ये

"काय झालं?" भिंगरीने कारखान्यातून ओरडून विचारलं.

नवऱ्याने बोंड डब्यापुढे धरलं आणि डोळे बारीक केले.

"अरे, काय झालं?"

"दोन बोटं कमी पडतेय."

"कमी? तू मोजलीस ना?"

"मोजली. बरोबर मोजली." त्याचा चेहरा पडला होता. "मग थोडी कमी सांगितली."

"का?"

"चौकटीपेक्षा काच जरा कमीच कापायची असते ना! नाहीतर बसत नाही!"

अण्णांनी खेकसायला श्वास घेतला, पण तो सोडूनच दिला. कारण त्यांनीच शिकवलं होतं. लहानपणी टपल्या मारून शिकवलं होतं.

"ओढून बघ," नणंद म्हणाली.

"तुटेल."

"दुकान बंद झालं असेल आता. भिंत पुढे सरकवता येते का?"

"तोंड बंद ठेव गं जरा!"

सासूबाई आतून आल्या. त्यांनी शिडीवरचा मुलगा बघितला, हवेतली तार बघितली, फळीवरचा डबा बघितला. एक हात पुढे केला आणि डबा तारेकडे सरकवला.

टक्.

कारखान्यातून भिंगरीची किंकाळी आली. सगळे धावले. ती चाकाभोवती गोल गोल फिरत होती, मोबाइल डोक्यावर धरून, आणि मोबाइलवर रेघा मावत नव्हत्या.

*

रविवार

वर्ग दोन वाजता. पडद्यावर चौकोनांत चेहरे, कुणी स्वयंपाकघरात, कुणी गच्चीवर, एक गृहस्थ चक्क अंथरुणात. दाराबाहेर बोळात चार माणसं श्वास रोखून उभी, कारण हलायचं नाही असं तिने वचन दिलं होतं आणि ते त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

"मी पीस कोरायला शिकवणार आहे," ती म्हणाली. "आधी बघा, हात कुठे थांबतो ते."

चाक फिरू लागलं. पाणी. सूर. देठ. केस, दुसरा, तिसरा. कुणी गोठलं नाही. तिने वर पाहिलं तर सगळे चेहरे पुढे झुकलेले. ते तिच्याकडे बघत नव्हते. हातांकडे बघत होते. तिने आयुष्यात इतकी माणसं एकाच पिसाकडे बघताना पाहिली नव्हती. ती शिकवता शिकवता हसायला लागली, तर ते सगळेही हसायला लागले, उगाच.

"परत दाखवा ना," अंथरुणातले गृहस्थ म्हणाले. एव्हाना ते उठून बसले होते.

तिने परत दाखवलं. मग एका आजींनी विचारलं, लाट कशी? तिने लाट दाखवली. कुणी विचारलं, हात थरथरला तर? तिने मुद्दाम थरथरवून दाखवला आणि त्या वेड्यावाकड्या रेषेतून वेल काढली. ओरडा झाला. बाई कोपऱ्यातल्या चौकोनातून म्हणत होत्या की वेळ संपली, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं आणि त्या स्वतःही तितक्या मनापासून म्हणत नव्हत्या.

शेवटी काच संपली. खरोखरच, हाताशी होती तेवढी सगळी कोरून झाली.

"तर मग," भिंगरी म्हणाली, "येते मी."

सगळ्यांनी हात हलवले. तिनेही हलवला. कुणीच गेलं नाही. सगळे हात हलवत राहिले. तीही हलवत राहिली.

"तुम्ही आधी जा ना," गृहस्थ म्हणाले.

"नाही, तुम्ही."

"नको, तुम्ही."

भिंगरीने हात हलवता हलवता दाराकडे मान वळवली आणि ओठ न हलवता पुटपुटली, "अहो अण्णा, हे बंद कसं करायचं?"

इतके दिवस हे घर फक्त तुटू नये म्हणून झटत होतं. तोडायचं कसं, ते कुणीच शिकलं नव्हतं. बोळात खुसपुस झाली. "लाल बटण." "लाल नव्हे, ते वेगळं." "तार काढू का?" "तारेला हात लावलास तर बघ!" मग अण्णा स्वतः आत आले, पडद्यासमोर वाकले आणि इतक्या चेहऱ्यांना एकदम बघून दचकले.

"हे ते उलटे चालणारे?" बाईंनी विचारलं.

"तेच," भिंगरी म्हणाली.

अण्णांनीही हात वर केला आणि हलवू लागले. मग नवरा आला. मग नणंद. सासूबाई पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी विचारलं, "झालं का? जेवलात का सगळे?" आणि पलीकडून सगळे चौकोन एकदम उत्तर देऊ लागले.